परमुलखीचे अरण्य

परमुलखात स्थायिक झालेल्या माणसाला तेथील पर्वत, नद्या आणि वृक्ष पाहून जो आनंद होतो, तो कोणत्या प्रतीचा मानावा, याविषयी माझे आणि माझ्या मामांचे आजवर एकमत झालेले नाही. मामांचे म्हणणे असे की, ज्या भूमीच्या ऋतूंशी आपले बालपण बांधलेले नाही, जिच्या मातीत आपल्या वाडवडिलांनी नांगर धरला नाही, जिच्या झाडपाल्याने आपली दुखणी उतरली नाहीत आणि जिच्या ग्रामदेवतेपुढे आपण कधी नारळ वाढवला नाही, त्या भूमीचे सौंदर्य आपल्याला दिसते, पण लाभत नाही. आणि दिसण्यालाच जो लाभ समजतो तो प्रवासी होय, मग तो तेथे चार दिवस राहो अथवा जन्मभर राहो. याच्या उलट माझी समजूत अशी की, विस्मयाला सातबाराचा उतारा लागत नाही. ज्या डोंगरावर आपला काडीचाही हक्क नाही त्या डोंगरापुढे उभे राहिल्यावर जो आनंद होतो त्यात स्वामित्वाचा लवलेश नसल्यामुळे तो अधिक निर्मळ असतो.

मामांचे मत घरबसल्या बनलेले नाही. वनखात्यात वनक्षेत्रपाल म्हणून त्यांनी जी नोकरी केली तिचा बहुतेक काळ जावळीच्या आणि कोयनेच्या खोऱ्यांत गेला. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग सारा डोंगर जांभळा करून मरून जाते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हे. एका फुलोऱ्यापासून दुसऱ्या फुलोऱ्यापर्यंतची वर्षे त्यांनी त्याच उतारांवर काढली. असा माणूस गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात आमच्या घरी आला, तेव्हा सिएरा नेवाडा पर्वतातील सिकोया वृक्षांचे अरण्य त्यांना दाखवावे हे ओघानेच आले. आणि त्या दिवशी जे बोलणे झाले ते येथे, आठवले तसे, लिहून काढीत आहे.

सॅन वाकीन खोऱ्याच्या सपाटीवरील द्राक्षांचे व संत्र्यांचे मळे मागे टाकून थ्री रिव्हर्स गावावरून कविया नदीच्या काठाने रस्ता जातो, आणि सिकोयांच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नाक्यापासून पंचवीस-एक किलोमीटरच्या वळणावळणांत पाचशे मीटरांवरून दोन हजार मीटरांवर चढतो. खाली उन्हाने पिवळे पडलेले गवत आणि विखुरलेले ओक; वर फर, शुगर पाईन आणि अकस्मात, एका वळणावर, दालचिनी रंगाचे ते खोड. या वृक्षाचा नैसर्गिक रहिवास साऱ्या पृथ्वीवर फक्त याच पर्वताच्या पश्चिम उतारावर आहे, सुमारे चारशे किलोमीटर लांबीच्या अरुंद पट्ट्यात, तोही सलग नव्हे तर सुट्या सुट्या राईंच्या रूपाने. त्यांतील ‘जायंट फॉरेस्ट’ नावाच्या राईत जनरल शर्मन नावाचा वृक्ष आहे, आणि आकारमानाने तो जगातील सर्वांत मोठा जिवंत वृक्ष समजला जातो.

मामा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “हा वृक्ष थोर आहे, याबद्दल वाद नाही. बुंध्याचा घेर ३१ मीटर, उंची ८४ मीटरांच्या आसपास, खोडाचे लाकूड सुमारे १,४८७ घनमीटर, आणि वय दोन हजार वर्षांच्या पुष्कळ पलीकडचे. म्हणजे सातवाहनांच्या राजवटीत नाणेघाटातील शिलालेख कोरला गेला तेव्हाही हा येथे उभाच होता. परंतु मला आत्ता जे झाले ते मोजमापाने झाले, हे मी ओळखून आहे. मोजमापाचा विस्मय पहिल्या दिवशी पूर्ण भरलेला असतो आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरू लागतो. जावळीतला हिरडा याच्या पहिल्या फांदीलाही पोहोचणार नाही; पण त्या हिरड्याखाली उभा असताना मी काही पाहण्यास आलो आहे, असे मला कधी वाटले नाही. तुझ्याबाबतीत मला तेच विचारायचे आहे. इतकी वर्षे तू येथे येतेस. अजून पाहण्यासच येतेस की नाही?”

“पहिल्या दिवसाचा विस्मय ओसरतो, हे मला मान्य आहे,” मी म्हणाले. “पण तो ओसरल्यावर जागा रिकामी राहते असे तुम्ही गृहीत धरता, ते मला मान्य नाही. मला या मुलखात सर्वांत अवघड गेले ते हे वृक्ष नव्हेत, येथला पाऊस. मृग नक्षत्र लागले की माझी दृष्टी आपोआप नैऋत्येकडे जाई, आणि त्या आकाशात ऑक्टोबरपर्यंत ढगाचा ठिपकाही नसे. मे महिन्यात टेकड्यांवरचे गवत करपून जाई आणि माझ्या मनात माण-खटावचा दुष्काळ उभा राही. पिवळी टेकडी म्हणजे मेलेली टेकडी, हा अर्थ मी गावाहून आणला होता. तो सोडायला मला काळ लागला. येथे पावसाळा म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. जानेवारीत त्याच टेकड्या हिरव्यागार होतात, डिसेंबरात खोऱ्याच्या सपाटीवर जमिनीलगत असे दाट धुके बसते की दिवसभर सूर्य दिसत नाही, फेब्रुवारीत बदामाच्या बागा पांढऱ्या होतात; आणि खाली आपण येताना जो बकाय नावाचा वृक्ष पाहिला, तो भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टात, पाने गाळून स्वस्थ होतो, कारण त्याची विश्रांती उन्हाळ्याची आहे. हे सिकोया ज्या पाण्यावर जगतात ते आभाळातून उन्हाळ्यात पडतच नाही. हिवाळ्यात या पर्वतावर साचलेले बर्फ वसंतात वितळून जमिनीत मुरते, आणि तोच त्यांचा वर्षभराचा शिधा. हे मला एका दिवशी कळले नाही, वर्षांमागून वर्षे कळत गेले. आणि जसजसे कळत गेले तसतसा पिवळ्या टेकडीचा अर्थ पालटला. आता मे महिन्यात मला दुष्काळ दिसत नाही. बी पडून गेलेले गवत आणि मुळाशी पाणी धरून बसलेला ओक दिसतो.”

“म्हणजे तू पंचांग बदललेस.”

“बदलले नाही. मृग लागला की दृष्टी अजूनही नैऋत्येकडेच जाते.”

मामांनी हे ऐकून घेतले, पण ते माघार घेणारे नव्हते. आम्ही राईतून पुढे चालू लागलो. जूनचा आरंभ असल्यामुळे सावलीत अजून बर्फाचे तुकडे होते, आणि त्यांच्या कडेला पानांवाचून नुसते लाल-लाल उगवणारे स्नो प्लांट नावाचे फूल मातीतून वर आले होते. मामा त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले आणि याला हिरवेपण कसे नाही, हे त्यांनी विचारले. ते स्वतः अन्न करीत नाही, जमिनीतल्या बुरशीच्या धाग्यांतून झाडांचे अन्न घेते, हे सांगितल्यावर ते कितीतरी वेळ तेथेच बसून राहिले. मोजमापाचा तेथे काही संबंध नव्हता. वीतभर उंचीचे फूल ते. हे मी त्यांना त्या वेळी बोलून दाखवले नाही.

उठल्यावर मामा म्हणाले, “ऋतूंचे ज्ञान तुला झाले, हे खरे, पण तुझा हात कोठे लागला? माणसाचे अरण्याशी नाते डोळ्यांनी जुळत नाही, हातांनी जुळते. कारवीचा कूड घालणारा, हिरडा वेचून पेठेत नेणारा, कुंभ्याच्या सालीचे दोर वळणारा जो माणूस आमच्या खोऱ्यात होता, त्याला ‘निसर्गसौंदर्य’ असे काही वेगळे ठाऊक नव्हते, आणि तरीही त्या डोंगरातून त्याला उठवले तर तो खंगत असे. कोयनेचे धरण झाले तेव्हा हे पाहिलेली माणसे मला भेटली आहेत. आणि येथे मला काय दिसते? कुंपण, फरसबंद वाट, वाटेबाहेर पाऊल टाकण्यास मनाई, फूल तोडण्यास मनाई, फळ उचलण्यास मनाई. अरण्य ही केवळ पाहण्याची वस्तू आहे, हा विचार १८७२ साली यलोस्टोनचा कायदा करून ज्या देशाने जगापुढे मांडला, त्या देशात तू राहतेस, आणि त्याचेच डोळे तू घेतलेस, असे मला भय वाटते.”

“कुंपणाचे कारण आधी ऐका,” मी म्हणाले. “इतक्या प्रचंड वृक्षाची मुळे दोन मीटरांहून फारशी खोल जात नाहीत, ती आडवी पसरतात, तीस-तीस मीटर आणि त्याहून दूर. लाखो माणसे जर त्या मातीवरून चालली तर माती दाबली जाते, आणि मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते. येथे, आपण उभे आहोत या राईत, एके काळी उपाहारगृहे, दुकाने, मुक्कामाच्या खोल्या, सर्व काही होते. वृक्षांना त्याचा जाच होतो हे ध्यानात आल्यावर सरकारने १९९०च्या दशकाच्या अखेरीस २८० हून अधिक इमारती येथून काढून टाकल्या. जमलेली वस्ती अरण्यासाठी मागे घेतली गेली, असा दाखला किती मुलखांत सापडेल? आणि मामा, हात लावण्यानेच नाते जुळत असेल तर आपल्या देवराईचे काय? तेथे तर वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक. आणि तरी, अथवा त्यामुळेच, त्या राईइतके गावाचे जवळचे काहीच नसते.”

“देवराईचे नाव तू घेतलेस, ते बरे केलेस,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकदम धार आली. “देवराईत हात लावायचा नाही, हा हुकूम कोणी काढला? गावाने. मोडला तर प्रायश्चित्त कोण घेणार? गाव. राई गावाच्या शेजारी, गुरे पलीकडच्या गुरचरणात, जळण तिसऱ्या डोंगरातून; म्हणजे एका अरण्याला हात लावायचा नाही हे ज्याने ठरवले त्याचाच हात दुसऱ्या अरण्याला लागत होता. गाडगीळ आणि वर्तक या संशोधकांनी आमच्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही हेच दिसले असले पाहिजे की, तेथे झाडे टिकली ती माणूस दूर ठेवल्यामुळे नव्हे, माणसाने आपल्यावर बंधन घालून घेतल्यामुळे. येथे बंधन घातले ते कोणी, आणि कोणावर?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते असे नाही. परंतु ते उत्तर मामांच्या बाजूचे होते, आणि ते त्यांना उतरणीवर एका ठिकाणी दाखवावे असे ठरवून मी त्या वेळी गप्प राहिले.

पुढे एका खोडाला बुंध्यापासून माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत काळीभोर खिंड पडलेली होती. आत चार माणसे सहज उभी राहतील. मामांनी तिच्यावरून हात फिरवला आणि तळवा पाहिला. “वणवा?” त्यांनी विचारले. हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते ज्याने आयुष्यात प्रत्येक फाल्गुन-चैत्र रात्री-अपरात्री डोंगराकडे बघत काढला आहे त्याच्याच चेहऱ्यावर येते. थंडी संपता-संपता जाळरेषा काढायच्या, गवत कापून आणि जाळून पट्टे मोकळे करायचे, आणि तरी कोठे तरी ठिणगी पडली की वनरक्षकांना घेऊन ओल्या फांद्यांनी आग झोडपीत उतारावरून धावायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले होते.

मी म्हणाले, “वणवाच. आणि एकच नव्हे. या खोडाने असे कितीतरी पाहिले आहेत. साल पाहा: नारळाच्या सोडणासारखी तंतुमय, जागोजागी अर्ध्या मीटरहून जाड, तिच्यात राळ फारशी नाही, त्यामुळे ती पेट घेत नाही. पण खरी गोष्ट पुढेच आहे. या वृक्षाचे फळ कोंबडीच्या अंड्याएवढे, बी अवघे चार-पाच मिलिमीटरचे, एका किलोत दोन लाखांच्या घरात बसेल इतके हलके. फळे वीस-वीस वर्षे हिरवी आणि मिटलेली झाडावरच राहतात. काही खारी कुरतडतात, काहींत एक भुंगा शिरतो. पण एकाच वेळी राईभर बी पडायचे तर खालून आगीची ऊब वर जावी लागते. फळे वाळून उघडतात, आणि बी पडते ते नुकत्याच जळालेल्या, पालापाचोळा नाहीसा झालेल्या उघड्या मातीवर, वरची फांद्यांची दाटी जळाल्यामुळे उघड्या झालेल्या उन्हात. त्याखेरीज ते सहसा रुजत नाही. १८९० साली उद्यान झाल्यावर सरकारने या वृक्षांवरच्या प्रेमापोटी प्रत्येक आग विझवली. आणि १९६० च्या सुमारास पाहतात तो राईत नवे रोप जवळजवळ नाही. हार्ट्सव्हेल्ट नावाच्या शास्त्रज्ञाने ही गोष्ट सिद्ध केली, आणि १९६८ पासून या उद्यानात अधिकारी स्वतः, हवा आणि ओल पाहून, ठरवून आग लावू लागले.”

मामा त्या काळ्या खिंडीत आत जाऊन उभे राहिले. “अधिकारी स्वतः?” ते म्हणाले. “वनखात्याचा माणूस, गणवेश घालून, राखीव जंगलाला आग लावतो?”

“पाहायची असेल तर शरदापर्यंत राहा.”

ते हसले नाहीत. बराच वेळाने म्हणाले, “कासच्या पठारावर असेच झाले. लोकांनी फुले तुडवू नयेत म्हणून कुंपण घातले. गुरे आत येईनाशी झाली. गवत माजू लागले आणि फुलांची जागा जाऊ लागली, असे वनस्पती जाणणारे सांगू लागले, तेव्हा ते कुंपण पुन्हा काढावे लागले. ज्यावर आपण प्रेम करतो त्याला काय हवे आहे, हे आपल्याला प्रेमावरून कळत नाही.” आणि मग, खात्यातील माणसाच्या नेमकेपणाने, “पण १८९० साली उद्यान झाले म्हणतेस. त्यापूर्वी हजारो वर्षे ही आग लावीत कोण होते? सगळी वीजच?”

तो प्रश्न येणारच होता. परतीच्या वाटेवर, कविया नदीच्या मधल्या शाखेच्या काठी, हॉस्पिटल रॉक नावाचा एक प्रचंड खडक आहे, तेथे मी गाडी थांबवली. खडकाच्या पोटावर तांबड्या रंगातील जुनी चित्रे आहेत, आणि जवळच्या सपाट ग्रॅनाइटमध्ये गुळगुळीत, खोल, गोल खळगे आहेत. एक-दोन नव्हेत, पुष्कळ. ओकची फळे कुटून, त्यांचा कडवटपणा पाण्याने काढून, त्यांचे पीठ खाणाऱ्या पोटविशा नावाच्या लोकांच्या उखळी त्या. उन्हाळ्यात ही माणसे वर सिकोयांच्या राईत जात, हिवाळ्यात येथे खाली राहत. टोपल्यांसाठी सरळ कोंब फुटावेत, हरणांना कोवळा चारा मिळावा, ओकच्या खाली झाडोरा माजू नये, म्हणून ती गवताला आग लावीत. जुन्या सिकोयांच्या वार्षिक वलयांत जळण्याच्या खुणा मोजल्या आहेत; शतकानुशतके त्या थोड्या-थोड्या वर्षांच्या अंतराने सापडतात, आणि १८६०च्या सुमारास एकदम विरळ होतात. विजेची आग आणि माणसाची आग यांत किती वाटा कोणाचा हा हिशेब कठीण आहे. पण १८५८ साली हेल थार्प हा पहिला गोरा वसाहतवाला या लोकांच्याच वाटाडेपणाने वर गेला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गोवर, देवी अशा रोगांनी ही वस्ती मोडली.

मामा त्या उखळींपाशी बसले. एका खळग्यात त्यांनी मूठ घातली. ती मनगटापर्यंत आत गेली.

“आता बोल,” ते म्हणाले. “हातांनी जुळलेले नाते मी म्हणत होतो ते हे. हे लोक गेले, आणि मग या भूमीला ‘अस्पर्श’ असे नाव मिळाले, आणि अस्पर्श म्हणून तिच्याभोवती कुंपण पडले. उत्तरेला योसेमिटीतही हेच झाले, असे मी वाचले आहे.”

“१८५१ साली सशस्त्र तुकडीने तेथील लोकांना खोऱ्यातून हुसकावले, आणि १८६४ साली लिंकनने ते खोरे लोकांच्या सदासर्वकाळच्या उपभोगासाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. मध्ये तेरा वर्षे. आणि ज्या सेनापतीचे नाव त्या शर्मन वृक्षाला आहे त्याच्या हाताखालील सैन्याने पुढे मैदानी प्रदेशातल्या आदिवासींशी युद्धे केली. हे सर्व मला ठाऊक आहे, मामा. पण ठाऊक आहे म्हणून मी येथे यायचे सोडावे काय? आपल्याकडे तरी काय निराळे झाले? १८७८ च्या वन कायद्याने डोंगर राखीव झाले तेव्हा ठाणे-कुलाब्याकडच्या लोकांची राबासाठी फांद्या तोडण्याची वहिवाट हा गुन्हा ठरू लागला, आणि ओरड इतकी झाली की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. ज्या जंगलांत तुम्ही नोकरी केलीत त्यांच्या दप्तरांतही अशाच उखळी आहेत.”

मामा या आरोपाने चिडले नाहीत. “आहेत,” ते म्हणाले. “पण म्हणूनच मी म्हणतो की, तेथे मी ‘पाहण्यास’ जात नव्हतो. ज्या डोंगराच्या कागदावर कोणाचा तरी हक्क खोडलेला आहे हे मला माहीत होते, त्या डोंगराचा मी देणेकरी होतो. तू येथे कोणाची देणेकरी आहेस? तुझ्या वाडवडिलांनी येथे काही हिरावले नाही, काही पेरले नाही. तुझे पान कोरे आहे. कोऱ्या पानावर विस्मय सहज लिहिता येतो.”

त्या वेळी मी त्यांना २०२१ सालचा सप्टेंबर सांगितला. त्याच्या आदल्या वर्षी, दीर्घ अवर्षणाने वाळलेल्या आणि शंभर वर्षे आग दाबल्यामुळे जळणाने गच्च भरलेल्या या पर्वतात कॅसल नावाचा वणवा पेटला होता, आणि हजारो वर्षांचे, आगीतूनच वाढलेले सिकोया त्यात शेंड्यापर्यंत जळून मेले. त्यांची साल जाड होती, पण ज्वाळा आता त्यांच्या माथ्यापर्यंत पोहोचत होत्या. मग २०२१ मध्ये विजेने आणखी वणवे पेटले. दोन वर्षांत मिळून जगातील मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के गेले, असा उद्यानाच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. खोऱ्यात आमच्या घरावर धूर इतका दाट होता की दुपारी सूर्य तांबडा दिसे. अंगणातल्या तुळशीच्या पानांवर राख येऊन पडे, आणि ती कोणत्या झाडाची राख असेल हा विचार मला सोडीत नसे. अग्निशामकांनी शर्मन वृक्षाच्या बुंध्याला अॅल्युमिनियमचे आगप्रतिबंधक वस्त्र गुंडाळले, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले. ज्या रात्री आग जायंट फॉरेस्टच्या कडेला पोहोचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि ती राई वाचली, ती पुष्कळ अंशी तेथे आधीची कित्येक वर्षे थोडी-थोडी आग ठरवून लावली गेली होती म्हणून. जेथे लावली नव्हती तेथे काही राई उभ्याच्या उभ्या गेल्या.

“त्या रात्री मी प्रवासी नव्हते, मामा,” मी म्हणाले. “हक्क नव्हता, देणे नव्हते, वाडवडिलांचा नांगर नव्हता. पण ज्याच्या जाण्याने आपली झोप जाते ते आपले नव्हे, असे तुम्ही मला म्हणू नका.”

मामा उठले. “असे मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “काळजी हीही एक वहिवाटच, ती किती वर्षे चालू राहते यावर तिचा हक्क ठरेल. आता ज्या राई उभ्या जळाल्या, तेथे काय करताहेत?”

हा वाद येथे अजून मिटलेला नाही. जेथे आग इतकी प्रखर होती की फळेही जळाली आणि बी उरले नाही, तेथे रोपे लावण्याचा निर्णय उद्यानाने २०२३ साली घेतला. आणि ती भूमी १९६४ च्या कायद्याखाली ‘वन्य’ म्हणून राखलेली असल्यामुळे तेथे माणसाने लागवड करू नये, जे उगवेल ते उगवू द्यावे, असे म्हणणारे कळकळीचे लोकही पुष्कळ आहेत. मी स्वतः त्यांच्या बाजूची आहे. जेथे माणसाने शंभर वर्षे आपली बुद्धी चालवून इतके नुकसान केले तेथे आता तरी त्याने हात मागे घ्यावा, असे मला वाटते. मामांना हे अजिबात पटले नाही. घरी पोहोचेपर्यंत, अंधार पडून खोऱ्यातले दिवे दिसू लागेपर्यंत, ते मला लागवडीच्या बाजूने समजावीत राहिले: बी त्याच राईचे घ्यावे, दुसऱ्या उतारावरचे घेऊ नये, रोपे दाट लावू नयेत, पहिले उन्हाळे कठीण, म्हणून ओलीच्या खळग्यांत, पडलेल्या ओंडक्यांच्या सावलीला लावावीत, पुढे त्यांत आग फिरवायची आहे हे पहिल्या दिवसापासून ध्यानात धरावे.

“आगीने जे जळायला नको होते ते आपल्यामुळे जळाले,” ते म्हणाले. “मग लावायला हात पुढे करायचा नाही, ही कसली मर्यादा? तुला विरोधाचे पत्र लिहायचे असेल तर लिही. पण तू सांगितलेस की त्या लोकांचे वंशज आणि नातलग अजून या पर्वतात आहेत, तुले नदीकाठच्या त्यांच्या राखीव प्रदेशात सिकोयांच्या राई आहेत, आणि या वृक्षांच्या रक्षणासाठी ज्या संस्था एकत्र आल्या त्यांत त्यांची जमातही आहे. पत्र लिहिण्यापूर्वी त्यांच्याकडे जा, आणि त्यांना काय करावेसे वाटते ते विचार. तुझे-माझे मत त्यानंतर.”